पाण्याचा गढूळपणा मोजणारा प्रकाशीय सेन्सर: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

प्रकाशीय सेन्सर शिकू पाहणारे बहुतेकजण सुटे भाग विकत घेऊन सुरुवात करतात. एक एलईडी, एक फोटोडायोड (प्रकाश पडला की विद्युत प्रवाह देणारा शोधक) आणि एक मायक्रोकंट्रोलर (छोटी संगणक-चिप) जोडला की पडद्यावर आकडे हलू लागतात आणि काम झाल्यासारखे वाटते. मात्र टेबलावर हलणारा आकडा आणि पावसाळ्यातल्या पाण्यावर महिनोन्‌महिने विश्वास ठेवता येईल असे मोजमाप यांत फार अंतर असते. हे अंतर कापायचे तर सोल्डरिंगच्या आधी कागदावर प्रकाशाचा हिशोब मांडावा लागतो. स्रोतातून किती प्रकाश निघाला, त्यातला हवा तो किती शोधकापर्यंत पोचला आणि नको असलेला किती घुसला, हे तीन आकडे ज्याला मांडता येतात त्याला कोणताही प्रकाशीय सेन्सर घडवता येतो. हा हिशोब शिकण्यासाठी पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्याचे भाग साधे आहेत, उपयोग खरा आहे आणि चुका लगेच डोळ्यांसमोर येतात.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते आकड्यात लिहावे

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एनटीयू (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ५ एनटीयूपर्यंत मुभा आहे. त्यामुळे १ एनटीयूच्या आसपास ज्याचे मोजमाप डळमळते तो सेन्सर पिण्याच्या पाण्यासाठी निरुपयोगी ठरतो, मग तो ५०० एनटीयू कितीही छान दाखवो. आपल्या वहीच्या पहिल्या पानावर असे लिहावे: पल्ला ० ते ४० एनटीयू, लहानात लहान ओळखता येणारा फरक ०.०२ एनटीयू, पाण्याचे तापमान १५ ते ४० अंश सेल्सिअस, दर मिनिटाला एक वाचन, दोन सफाईंमधील अंतर एक महिना. पुढचा प्रत्येक निर्णय या ओळींशी ताडून पाहायचा असतो.

याच पानावर सेन्सर काय सांगणार नाही तेही लिहून ठेवावे. गढूळपणा म्हणजे पाण्यातील बारीक कणांमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण, म्हणजे विखुरणे. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, क्षार किती आहेत किंवा कीटकनाशके उतरली आहेत का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. गढूळ पाण्यात जंतूंना कणांचा आडोसा मिळतो आणि क्लोरिनचा परिणाम कमी होतो, म्हणून हे मोजमाप महत्त्वाचे आहे. पण पारदर्शक दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही. ज्यांच्या हाती हे उपकरण जाईल त्यांना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे ही ते घडवणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

दुसरी पायरी: तत्त्व आणि तरंगलांबी

गढूळपणा मोजण्याच्या दोन प्रचलित वाटा आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १८०.१ या पद्धतीत टंगस्टनचा दिवा वापरतात आणि किरणाशी काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतात. त्याचे एकक एनटीयू. आयएसओ ७०२७ या मानकातही शोधक काटकोनातच असतो, पण प्रकाश ८६० नॅनोमीटरचा अवरक्त असतो आणि एकक एफएनयू म्हणून लिहितात. फॉर्माझिन या प्रमाण द्रावणावर दोन्ही एकके सारखी येतात. खऱ्या मातीच्या पाण्यावर ती तंतोतंत जुळतीलच असे नाही, कारण कणांचा आकार बदलला की कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश कोणत्या दिशेला किती विखुरतो तेही बदलते.

नवशिक्यांनी ८६० नॅनोमीटरचीच वाट धरावी असे माझे ठाम मत आहे. पालापाचोळ्यामुळे पाण्याला येणारा पिवळसर रंग निळा प्रकाश शोषून घेतो, अवरक्त प्रकाश मात्र जवळजवळ तसाच जाऊ देतो, त्यामुळे रंगाची आणि गढूळपणाची गल्लत टळते. शिवाय या पट्ट्यात सिलिकॉनचा फोटोडायोड सर्वाधिक संवेदनशील असतो. लेसरचा मोह मात्र टाळावा. अवरक्त लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही आणि इजा झाल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एलईडीनेही हे काम उत्तम होते. तरीही पेटलेल्या अवरक्त एलईडीकडे जवळून टक लावून पाहू नये. एलईडी पेटला आहे की नाही ते मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. काही मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवला जातो, अशा वेळी पुढचा कॅमेरा वापरून पाहावा.

तिसरी पायरी: प्रकाशाचा हिशोब

आता वही उघडून बसावे. एलईडीचा प्रकाश भिंग आणि छिद्रातून काढल्यावर पाण्यात २ मिलिवॉटचा अरुंद किरण शिरतो असे धरू. १ एनटीयूच्या पाण्यात दर मीटरला साधारण ४० टक्के भाग विखुरेल, म्हणजे विकिरण गुणांक ०.५ प्रति मीटर असेल, असा पहिला अंदाज घेऊ. हा केवळ सुरुवातीचा अंदाज असून तो पुढे फॉर्माझिनवर तपासायचा आहे. शोधकाला किरणाचा १० मिलिमीटर लांबीचा तुकडा दिसत असेल, तर त्या तुकड्यातून सर्व दिशांना मिळून १० मायक्रोवॉट प्रकाश विखुरतो.

शोधक म्हणून बीपीडब्ल्यू ३४ हा जुना, स्वस्त आणि भरवशाचा फोटोडायोड घेऊ. त्याचे प्रकाश टिपणारे क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर आहे. तो २० मिलिमीटर अंतरावर ठेवला तर विखुरलेल्या प्रकाशाचा साधारण ०.१५ टक्के भाग त्याच्या वाट्याला येतो, म्हणजे १५ नॅनोवॉट. पाण्यातून हवेत येताना किरण फाकतात आणि बराचसा प्रकाश काटकोनाऐवजी पुढच्या दिशेला विखुरतो, म्हणून हात राखून ५ नॅनोवॉट धरावेत. या तरंगलांबीला फोटोडायोड दर वॉटला साधारण ०.६ अँपिअर प्रवाह देतो. म्हणजे १ एनटीयूला ३ नॅनोअँपिअर, आणि आपल्याला हव्या असलेल्या ०.०२ एनटीयूच्या फरकाला ६० पिकोअँपिअर.

हा आकडा पाहून छाती दडपते, पण पुढची ओळ लिहिल्यावर चित्र पालटते. प्रवाहाचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करण्यासाठी १० मेगाओमचा रेझिस्टर वापरला, तर त्याचा उष्णताजन्य नॉइज (उष्णतेमुळे प्रवाहात होणारी नकोशी चलबिचल) १ हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.०४ पिकोअँपिअर असतो. ३ नॅनोअँपिअर प्रवाहाचा स्वतःचा शॉट नॉइज (प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा असल्याने होणारी चलबिचल) ०.०३ पिकोअँपिअर येतो. दोन्ही मिळून ०.०५. म्हणजे आपला संकेत नॉइजच्या हजारपट मोठा आहे, आणि त्यामुळे महागड्या ॲम्प्लिफायरवर पैसे घालवण्याची काहीही गरज नाही.

खरा शत्रू वेगळाच आहे. पेटीत शिरलेल्या २ मिलिवॉटपैकी केवळ दहा लाखांतला एक भाग पाण्यातल्या कणांवर न आपटता, भिंतींवरून परावर्तित होत होत फोटोडायोडपर्यंत पोचला, तर तो २ नॅनोवॉट होतो, म्हणजे १.२ नॅनोअँपिअर, म्हणजे ०.४ एनटीयू. शुद्ध पाणी भरलेले असतानाही उपकरण ०.४ दाखवेल. याला भटका प्रकाश म्हणू. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे ८० मायक्रोवॉट पेटीत मोकळे हिंडत असतात, हे लक्षात घेतले की दहा लाखांत एक ही शिस्त किती कडक आहे ते उमगते. भटका प्रकाश कायम तेवढाच राहिला असता तर वजा करता आला असता. पण काचेवर धूळ बसली, पेटी तापली किंवा नमुन्याची कुपी थोडी फिरली की तो बदलतो, आणि तो बदल गढूळपणातल्या बदलासारखाच दिसतो.

चौथी पायरी: पेटी घडवणे

म्हणून या सेन्सरचा निम्म्याहून अधिक दर्जा यांत्रिक रचनेत असतो. नियम एकच आहे आणि तो भिंतीवर लिहून ठेवावा: ज्या पृष्ठभागावर किरण थेट पडतो, तो पृष्ठभाग फोटोडायोडला कधीही दिसता कामा नये. फोटोडायोडच्या जागेवरून पाहिले असता समोर फक्त पाणी, आणि पाण्यापलीकडे थेट प्रकाश न पडणारी काळी भिंत दिसली पाहिजे.

हा नियम पाळण्यासाठी किरण जिथे पाण्याबाहेर पडतो तिथे सपाट भिंत न ठेवता खोल, काळा, निमुळता खड्डा ठेवावा. त्यात शिरलेला प्रकाश आपटत आपटत संपतो. एलईडीसमोर एकामागे एक दोन किंवा तीन छिद्रांच्या चकत्या लावाव्यात, कारण एकच छिद्र ठेवले तर त्याच्या कडेवरून विखुरलेला प्रकाश थेट आत येतो. फोटोडायोडपुढेही अशीच नळी हवी. मग अवरक्त एलईडीच्या जागी तात्पुरता लाल एलईडी मंद पेटवावा, फोटोडायोड काढून त्याच्या भोकातून अंधाऱ्या खोलीत पाहावे. जिथे लाल ठिपका चमकताना दिसेल तिथे दोष आहे. पैसे न लागता मिळणारी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

साहित्याबाबत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो होतो. माझ्या पहिल्या नमुन्याची पेटी मी काळ्या प्लास्टिकमध्ये त्रिमितीय छपाईने बनवली होती. डोळ्यांना ती कोळशासारखी काळी दिसत होती, पण वाचन दिवसा वर आणि रात्री खाली जात होते, आणि मी दोन आठवडे सर्किटमधला दोष शोधत बसलो. पुष्कळशा काळ्या प्लास्टिकमधला रंग दृश्य प्रकाश शोषतो आणि ८६० नॅनोमीटरचा प्रकाश आरपार जाऊ देतो. काळ्या रंगाने ॲनोडाइज केलेले ॲल्युमिनियमसुद्धा या तरंगलांबीला बऱ्यापैकी चकाकते. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेले प्लास्टिक किंवा तसाच मॅट रंग दिलेला धातू वापरावा आणि हाती आलेला प्रत्येक तुकडा एलईडी व फोटोडायोड यांच्यामध्ये धरून आधी मोजावा.

पाचवी पायरी: सर्किट

फोटोडायोडचा प्रवाह थेट मायक्रोकंट्रोलरला देऊ नये. ऑप-ॲम्पच्या (ॲम्प्लिफायर चिपच्या) उलट इनपुटला फोटोडायोड, आणि आउटपुटपासून त्या इनपुटपर्यंत १० मेगाओमचा रेझिस्टर, ही मांडणी घ्यावी. ऑप-ॲम्पचा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरमध्ये असावा. एमसीपी ६००२ सारखा सीमॉस ऑप-ॲम्प पुरेसा आहे. रेझिस्टरला समांतर २.२ पिकोफॅरडचा कपॅसिटर विसरू नये. फोटोडायोडची स्वतःची धारिता शून्य व्होल्टेजला ७० पिकोफॅरडच्या आसपास असते आणि हा छोटा कपॅसिटर नसेल तर सर्किट स्वतःच दोलायमान होऊ शकते. एवढे केल्यावर १ एनटीयूला ३० मिलिव्होल्ट मिळतात.

यानंतर सूर्यप्रकाशाचा विचार करावा. भर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते, म्हणजे उघड्या फोटोडायोडवर ७.५ मिलिवॉट, म्हणजे सुमारे ३ मिलिअँपिअर. पेटीने त्याचा दहा हजारावा भागच आत येऊ दिला तरी ०.३ मायक्रोअँपिअर होतात, आणि १० मेगाओमवर त्याचे ३ व्होल्ट होऊन ३.३ व्होल्टवर चालणारा ऑप-ॲम्प जवळजवळ भरून जातो. भरलेल्या ॲम्प्लिफायरमधून कोणत्याही सॉफ्टवेअरने संकेत परत काढता येत नाही. त्यामुळे आधी पेटी प्रकाशबंद करावी, दृश्य प्रकाश अडवणाऱ्या आवरणाचा फोटोडायोड निवडावा, आणि मगच लॉक-इन पद्धतीकडे वळावे.

लॉक-इन पद्धतीत एलईडी ठरावीक वारंवारतेने चालू-बंद करतात, आणि चालू असतानाच्या वाचनांच्या सरासरीतून बंद असतानाची सरासरी वजा करतात. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. म्हणून निवडलेली वारंवारता ५० च्या पटीत किंवा तिच्या अगदी जवळ नसावी. मी १०२७ हर्ट्झ वापरतो आणि पूर्ण एका सेकंदाची सरासरी घेतो. मायक्रोकंट्रोलरचा १२ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा बनवणारा भाग) ३.३ व्होल्टला ०.८ मिलिव्होल्टच्या पायऱ्या देतो, आणि आपला ०.०२ एनटीयूचा फरक ०.६ मिलिव्होल्टचा, म्हणजे एका पायरीहूनही लहान आहे. त्यामुळे स्थिर घटक कपॅसिटरने अडवून पुढे २० पट वर्धन करणारा दुसरा टप्पा द्यावा आणि २ एनटीयूच्या वरच्या पाण्यासाठी तो टप्पा वगळून वाचावे.

बोर्ड स्वच्छ ठेवणे ही इथे टापटिपीची बाब नसून मोजमापाचाच भाग आहे. सोल्डरच्या फ्लक्सचा थर, बोटांचे ठसे आणि कोकणातली दमट हवा यांतून पिकोअँपिअरच्या पातळीची गळती सहज होते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून त्यावर संरक्षक लेप द्यावा. हे सगळे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. एलईडी मात्र तरंगलांबी लिहिलेल्या डेटाशीटसह घ्यावा, कारण सुटा मिळणारा अवरक्त एलईडी बहुतेकदा रिमोटसाठीचा, ९४० नॅनोमीटरचा असतो.

तापमानासाठी दुसरा फोटोडायोड अत्यावश्यक आहे. एलईडी तापला की दर अंशाला त्याचा प्रकाश अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक घटतो. म्हणजे सकाळी १८ आणि दुपारी ३८ अंश असेल तर दहा टक्क्यांचा फरक पाण्यात काहीही न बदलता पडतो. किरणाच्या वाटेत पातळ काच तिरकी ठेवून तिच्यावरून परतणारा थोडा प्रकाश दुसऱ्या फोटोडायोडवर घ्यावा आणि प्रत्येक वाचनाला त्याने भागावे.

सहावी पायरी: अंशांकन, म्हणजे वाचने प्रमाण द्रावणांशी जुळवणे

फॉर्माझिन हायड्राझिन सल्फेट आणि हेक्सामिथिलिनटेट्रामाइन यांपासून बनते. हायड्राझिन सल्फेट विषारी आहे व त्यामुळे कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून घरी किंवा शाळेत ते बनवू नये. तयार ४००० एनटीयूचे द्रावण विकत घेऊन हातमोजे घालून विरल करावे. विरल केलेली द्रावणे टिकत नाहीत, विशेषतः १ एनटीयूच्या आसपासची, त्यामुळे ती त्याच दिवशी वापरावीत. शून्यासाठी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढलेले पाणी घ्यावे. बाटलीबंद पाणी शून्य असते असे समजू नये.

०, १, ५, १०, २० आणि ४० एनटीयू असे बिंदू घेऊन आलेख काढावा. खालच्या भागात रेषा सरळ येईल आणि वर जाताना वाकू लागेल, कारण गढूळ पाण्यात विखुरलेला प्रकाश शोधकापर्यंत येतानाच पुन्हा विखुरतो. आणखी वर गेल्यास आलेख चक्क खाली वळतो आणि एकाच वाचनाला दोन उत्तरे संभवतात. पुराचे चिखलमिश्रित पाणी अशा सेन्सरला स्वच्छ भासू शकते, ही सर्वांत धोकादायक चूक आहे. किरणाच्या सरळ रेषेत तिसरा फोटोडायोड लावून आरपार गेलेला प्रकाशही पाहिला की ही संदिग्धता मिटते. १८०.१ पद्धतीत ४० एनटीयूच्या वरचे नमुने विरल करण्यास सांगितले आहे, त्यामागचे कारणही हेच.

त्यानंतर गाळलेले पाणी दहा वेळा भरून, ओतून, पुन्हा भरून मोजावे. या दहा वाचनांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट ही आपल्या सेन्सरची खरी ओळखमर्यादा असते. एकच कुपी न हलवता दहा वेळा वाचली तर आकडा सुंदर येतो, पण तो उपकरणाबद्दल फार थोडे सांगतो.

सातवी पायरी: जागेवर बसवणे

दाबाखालच्या नळातून पाणी मोकळ्या पेटीत आले की त्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि प्रत्येक बुडबुडा कणासारखाच प्रकाश विखुरतो. पाणी खालून आत घ्यावे, वरून बाहेर सोडावे आणि सेन्सरच्या आधी बुडबुडे वर निघून जातील असे उभे, रुंद भांडे ठेवावे. बुडबुड्यांमुळे वाचन क्षणभर उसळी मारते, म्हणून मिनिटभराच्या वाचनांची सरासरी न घेता मध्यक (वाचने क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा. थंड पाण्याच्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतले बाष्प साचते. त्यासाठी प्रकाशाची बाजू हवाबंद करून आत सिलिका जेल ठेवावे व ते ठरावीक काळाने बदलावे.

काचेवर शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढणे अटळ आहे. किती दिवसांत किती थर चढतो हे त्या त्या पाण्यावर ठरत असल्याने पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आधी वाचन घ्यावे, मग काच पुसावी, पुन्हा वाचन घ्यावे आणि दोन्ही आकडे नोंदवावेत. या नोंदींतूनच सफाईचे खरे वेळापत्रक ठरते. साठवताना केवळ एनटीयूचा हिशोब करून आलेला आकडा ठेवू नये; तिन्ही फोटोडायोडची मूळ वाचने, एलईडी बंद असतानाचे वाचन आणि तापमान हे सर्व तारीख-वेळेसह ठेवावे. जुलैतल्या एखाद्या रात्री आकडा अचानक ०.६ वरून ३ वर गेला, तर नदीला पाणी आले, गाळणी फुटली, काच घामेजली की पेटीचे झाकण उघडे राहिले, हे त्या पाच रकान्यांवरून सकाळी सांगता येते.